दहा जणांनी जिंकलेला कप

सोयरीक जमत होती तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलाच्या मामांना विचारलं, "पोरगा करतो काय?"

"हाकी खेळतो."

"त्ये झालं. पोटाला काय करतो?"

"पोटासाठीच खेळतो, अप्पा. पगार हाय त्याला."

अप्पांची लातूरच्या मोंढ्यात धान्याची आडत होती. खेळण्याचा पगार देणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. मामा चेष्टा करतात असं धरून त्यांनी सुपारी फोडली. मामांनी खरं तेच सांगितलं होतं.

निजामाच्या राज्यात हौशी माणसं होती. कुणाला घोड्यांची हौस, कुणाला कोंबड्यांच्या झुंजीची, कुणाला हॉकीची. टीम पाळायची आणि दुसऱ्याच्या टीमला हरवायचं. त्यासाठी खेळाडू पगारावर आणायचे. खेळाडू म्हणून पगार लावायची सोय नसायची, म्हणून कागदावर दुसरं काहीतरी लिहायचं. लग्न झालं तेव्हा हे बिलोलीकडच्या एका जागीरदाराकडं होते, कागदावर शिकारखान्याचे कारकून. जागीरदाराचं मन हॉकीवरून उडालं तसे लातूरला पोलिसांत आले, कागदावर जवान. तिथला अंमलदार बदलला, नव्याला खेळाचं वेड नव्हतं. मग नांदेडची गिरणी, कागदावर सूतखात्यातले मुकादम. सूतखातं गिरणीच्या कुठल्या बाजूला आहे हे यांना धड सांगता आलं नसतं.

दर वेळी मीच ट्रंक भरायची. जातं तेवढं बिलोलीतच विकून टाकलं. ते गाडीत चढवायला दोन माणसं लागायची आणि दर वेळी ती दोन माणसं कुठून आणायची?

हे मधल्या फळीत खेळायचे. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, गोल अडवणाऱ्याचंही होतं. मधल्यानं चेंडू अडवायचा आणि पुढं द्यायचा. त्याचं कौतुक कुणी केलेलं मी ऐकलं नाही. पण एक टीम सुटली की दुसरी बोलवायची, म्हणजे यांना काहीतरी येत असणार.

गिरणीच्या चाळीत आम्हाला एक खोली मिळाली. दाराशी नळ होता. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर चूल पेटवायची. मला ते मानवलं. त्या हिवाळ्यात मॅनेजरसाहेबांनी यांना सांगितलं, "तालुकदारसाहेबांचा कप आणा, तुम्हाला कोठीवर कायम करतो." तालुकदार म्हणजे निजामाच्या राज्यातला कलेक्टर. कोठीवर म्हणजे गिरणीच्या सामानाच्या वखारीत. कायम म्हणजे पाय थकल्यावरही पगार, आणि खोली. हॉकीत मला कधी रस नव्हता, पण तो कप मला हवा होता.

यांची तिशी उलटली होती आणि उजवा गुडघा सुजत होता. सामना झाला की मी मिठाची पोटली गरम करून शेकायची. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असा यांचा हुकूम.

"गिरणीच्या दवाखान्यात दाखवा," मी म्हणायची.

"डॉक्टर पगार कुणाचा खातो? दुपारच्या आत साहेबांना कळंल."

कपाचा शेवटचा सामना जवळ आला तशी सूज वाढली. हे तालमीत गेले. वस्ताद म्हणाले, बिब्बा लावू, हरणासारखा पळशील. बिब्बा आमच्याकडं घरोघर असतो. सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, त्याचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. पण तो सगळ्यांना सोसत नाही. नाही सोसला तर उततो, अंगभर फोड येतात. माझ्या चुलतीचं तोंड ओळखू येत नव्हतं इतकं सुजलं होतं. म्हणून आमच्या घरी आधी दंडावर एकच ठिपका देऊन बघायची रीत होती.

"आधी दंडावर लावून बघा," मी म्हणाले.

"तालमीतले सगळे पैलवान लावून राहिलेत. त्यांना काय झालं?"

"पैलवानांची कातडी पैलवानांना. तुमची तुम्हाला."

"तुला बरं लई कळतंय हाकीतलं!"

"हाकीतलं न्हाई, बिब्ब्यातलं कळतंय."

हे हसले आणि गेले. वस्तादांनी गुडघ्याभोवती गोल ठिपके दिले.

बिब्बा उतला. आधी खाज सुटली, मग गुडघ्यापासून मांडीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड आले. सामन्याच्या सकाळी डोळ्याखालीही सूज होती. मी खोबरेल चोळत होते, तेव्हा शेजारच्या खोलीतला गोली, म्हणजे टीमचा गोल राखणारा, बोलवायला आला. उंच, बडबड्या माणूस. मला भाभी म्हणायचा. पाय बघून दारातच थांबला.

"भाई, ये क्या कर लेको बैठे? आज नक्को. मैं बोलतूँ साबकू."

"साबकू एक अक्षर बोललास तर बघ. मोजा दे तो."

लांब मोजा फोडांवरून चढवला. मी मदत केली नाही, आणि थांबवलंही नाही. थांबले नसते.

मैदान चाळीला लागूनच होतं. आम्ही बायका ओट्यावरून बघायचो. हे पहिल्यापासून अडखळत होते, पण चेंडू अडवत होते. मग समोरच्या टीमच्या एकाची काठी गुडघ्यावर बसली. मोठा मार नव्हता. एरवी यांनी नुसतं झटकलं असतं. हे खाली बसले ते उठले नाहीत. मोजा ओला झालेला लांबूनही दिसत होता. दोघांनी धरून बाहेर आणलं.

एक गेला की त्याच्या जागी दुसरा घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. उरलेल्यांनी खेळायचं. गिरणीचे दहा जण उरले आणि सामना अजून बराच बाकी होता.

खोलीत आणून मी मोजा कात्रीनं कापला. कातडी त्याच्याबरोबर निघाली. हे ओरडले नाहीत, बाहेरच्या आवाजाकडं कान देऊन होते. मीही देऊन होते. मनात एकच, देवा, या दहा जणांना हरू देऊ नको. एकदम गलका झाला, मग ढोल वाजला. गिरणीनं कप जिंकला होता. यांनी डोळे मिटून "झालं" असं म्हटलं. मलाही वाटलं, झालं, कोठी आपली.

दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. हे काठी टेकत गेले, लवकर परतले आणि पाणी मागितलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दहा जणांतच भागलं की."

गिरणी हरली असती तर साहेब यांच्यावाचून हरलो म्हणाले असते. निदान एक हंगाम ठेवलं असतं. जिंकल्यामुळं साहेबांना पटलं की अकरावा माणूस फुकट पोसला. डॉक्टरनं पाय बघून, हा आता खेळायचा नाही, असा अहवाल दिलाच. खोली महिनाअखेर रिकामी करायची होती. मी ट्रंक भरली.

या वेळी कुणी बोलावलं नाही. आम्ही लातूरला अप्पांकडं आलो. अप्पा जावयाला टोचून बोलणारे नव्हते. "बसा गादीवर," एवढंच म्हणाले. पण यांना भाव करता येत नव्हता, म्हणून हे मापावर उभे राहू लागले. गुडघा पुरता वाकायचा नाही. पोती मोजून झाली की पोत्यालाच टेकून राहायचे.

पुढच्या हिवाळ्यात गिरणीची टीम लातूरला खेळायला आली. आम्ही बघायला गेलो नाही. दुपारी गोली घर विचारत आला.

"भाभी, भाई हैं?"

यांनी आतून मला मान हलवून नाही म्हणून खुणावलं होतं.

"इथं जवळ मुरुडला गेलेत. ज्वारी बघायला."

तेवढ्यात आतल्या खाटेची करकर झाली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी चुलीवरच्या चहाकडं. बसून त्यानं चहा घेतला, आणि उठताना जरा मोठ्यानंच बोलला, "भाईकू बोलना भाभी, उस दिन उनो आखरी तक रहते तो और दो गोल मारते थे हम."

"सांगते."

तो गेल्यावर मी आत गेले. हे भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"ऐकलं ना?"

बाहेर आडतीसमोर गाड्या लागत होत्या.

"उठा," मी म्हणाले. "ज्वारी आलीय. अप्पा एकटेच मापावर हायेत."

उठायला वेळ लागला. पण उठले.