पितळेवरची नावं

नोटीस आली तेव्हा बाबा अंगणात धोतर वाळत घालत होते. पोस्टमनने सही घेतली, पाकीट दिलं आणि बाबांनी ते न फोडता देवघरात नेऊन ठेवलं. मी तेव्हा जिल्हा परिषदेत नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते. संध्याकाळी घरी आले तर आई दारातच म्हणाली, "सरकारी आहे. तुझे बाबा हात लावून नाही राहिले."

मी पाकीट फोडलं. आधी तारीख पाहिली, मग काय मागितलंय ते, मग पुन्हा सगळं सुरुवातीपासून. सरकारी कागद असाच वाचायचा असतो, हे मी आजही सगळ्यांना सांगते. इन्कम टॅक्सवाल्यांनी विचारलं होतं की एका भांड्यांच्या दुकानाच्या वहीत मोडीचं पितळ विकणारा म्हणून गेल्या काही वर्षांत तुमचं नाव वारंवार येतं. हा व्यापार कधीपासून करता, माल कोणाकडून आणता आणि तुमचं बाकीचं उत्पन्न काय.

बाबा भिक्षुकी करायचे. भंडाऱ्यापासून पार सिहोऱ्यापर्यंत त्यांचे यजमान. तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या नावाने भिक्षुकाला भांडं दान द्यायची आमच्याकडे रीत होती. दुकानात भांडं घेतलं की तिथलाच कारागीर छिन्नीने टिंबटिंब करत त्यावर गेलेल्याचं नाव टाकून द्यायचा. गडवे, गंज, पराती, कधी पाणी भरायचा एखादा मोठा गुंड. आमच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो की भांडी, असा प्रश्न पडायचा. नाव टाकलेलं भांडं नवं म्हणून कोणी घेत नाही. म्हणून बाबा ते पोत्यात भरून मोडीत द्यायचे. मग ते भट्टीत जायचं, वितळायचं, पुन्हा भांडं होऊन दुकानात लटकायचं. लहानपणी त्या भट्ट्यांच्या गल्लीतून जाताना ठोक्यांचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, आतमध्ये सगळी नावं एकमेकांत मिसळून पिवळ्या पाण्यासारखी वाहत असतील. अजूनही कधी भर दुपारी पेंग आली की तो आवाज मला ऐकू येतो.

"दान म्हणजे माल आहे काय?" बाबा म्हणाले.

"त्यांना काय माहीत, बाबा? आपल्याला सांगावं लागेल."

"मग सांग."

"कोणी दिलं, तेही लिहावं लागेल."

बाबा झोपाळ्यावरून उठलेच. "कोणी गुंड दिला आणि कोणी वाटी दिली, हे मी सरकारात वाचून दाखवू? उद्या त्यांनाही बोलावतील. ज्याने वाटी दिली त्याने कसं तोंड दाखवायचं? यादी द्यायची असेल तर मी आजपासून कोणाच्या दारी जात नाही."

ते नुसतं बोलणं नव्हतं. त्याच आठवड्यात दोन घरची बोलावणी त्यांनी परत पाठवली. पंचांग पाटावर तसंच पडून राहिलं. माझ्या पगारात घर ओढून नेता आलं असतं. पण सकाळी आंघोळ करून कुठेच न जाणारे बाबा मला पाहवेनात. ते खिडकीत बसून एसटी स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोंकडे बघत राहायचे.

मी आधी पंधरा दिवसांची मुदत मागणारा अर्ज टाइप केला, कार्बन लावून. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात देऊन प्रतीवर शिक्का घेतला. मग कोऱ्या कागदावर आमच्याकडे काय काय आहे ते लिहायला बसले. पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं. पावत्या नाहीत, वही नाही. निदान घरात उरलेली भांडी तरी मोजावीत, म्हणून रविवारी दुपारी माळ्यावरून सगळी खाली काढली.

थंडीचे दिवस होते. दारातून ऊन आत आलं होतं आणि भांड्यांवरून ते छतावर जाऊन हलत होतं. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी झाली. मी एकेक भांडं उचलून त्यावरचं नाव मोठ्याने वाचू लागले.

"हा डोंगा चालवायचा," बाबा खिडकीतून म्हणाले. "वैनगंगेवर. पोहता येत नव्हतं त्याले."

मी पुढचं वाचलं.

"शाळेत घंटा वाजवायचा. कधीच वेळेवर नाही."

एक इवलीशी वाटी होती. तिच्यावर फक्त 'बाळ' असं होतं. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. मी ती हळूच बाजूला ठेवली.

सगळी वाचून झाल्यावर बाबा थांबले नाहीत. नोटिशीतल्या वर्षांत मोडीत गेलेली भांडीही सांगू लागले. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र त्यांनी संकल्पात उच्चारलेलं होतं. ते त्यांना पाठ होतं. माणूस, गाव, भांडं, साधारण वजन. ते डोळे मिटून बोलत होते आणि मी लिहीत होते. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली, आईने चहा ठेवला, तो निवला. पानामागून पान भरत गेलं, आणि मग माझा हात थांबला.

"बाबा, ही तर यादी झाली."

"ही देणाऱ्यांची कुठे आहे? ही गेलेल्यांची आहे," ते म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी भरलेली पानं हातात घेतली. म्हणाले, "नाव तर लोकांनी वाचावं म्हणूनच टाकतात."

उरलेली यादी तीन दुपारी चालली. मी ती टाइप केली. सोबत नगद दक्षिणेचा आणि धानाचा अंदाज जोडला. बाबांनी कमी सांगितलेला एक आकडा मी वाढवून लिहिला. जे आहे ते लिहायचं, आणि विचारतील तेवढंच बोलायचं, असं त्यांना बजावलं. पिशवीत चार भांडी घेऊन आम्ही दोघं इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेलो.

अधिकारी बाहेरगावचे होते, सौम्य बोलायचे. म्हणाले, "महाराज, कामाबद्दल जे मिळतं ते उत्पन्नच. पैसा असो, धान असो की भांडं. पण व्यापार नाही, हे मला दिसायला पाहिजे." त्यांनी यादी वाचायला घेतली. पहिलं पान, दुसरं पान. "हे सगळे तुम्हाला भांडी देणारे?"

"नाही साहेब. हे सगळे गेलेले."

"मग साक्षीला बोलावू कोणाला?"

"बोलावून पाहा," बाबा म्हणाले. "आले तर मलेही सांगा. दोघातिघांशी बोलायचं राहून गेलं."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पिशवीतला गडवा घेतला आणि टिंबांवरून सावकाश बोट फिरवलं. यादीतली वजनं दुकानाच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिली. एका ठिकाणी फरक निघाला. तो का, ते बाबांनी सांगितलं: ती परात आम्ही विकली नाही, आई तिच्यात कणीक मळते. साहेबांनी तेही लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी पत्र आलं. व्यापार नाही, उत्पन्न करपात्र रकमेच्या खाली, यापुढे नोंदवही ठेवावी.

बाबा दुसऱ्याच दिवशी बाहेर पडले.

बातमी मात्र त्यांच्या आधी गावोगाव पोचली होती. एका सकाळी सिहोऱ्याहून एक म्हातारी आली, पदर सावरत ओट्यावर बसली. "महाराज, सरकारात मानसायची नावं गेली म्हंतेत."

"गेली."

"आमच्या बुढ्याचं गेलं का जी?"

बाबा गोंधळले. तिच्या नवऱ्याची तेरवी फार जुनी. नोटिशीतल्या वर्षांच्या आधीची. "नाही, बाई. तेवढं मागचं मागितलं नव्हतं."

"काहून? त्यानं का कोनाचं खाल्लं होतं?" ती म्हणाली. "लहानसा गडवा होता म्हून सोडलं का?"

मी नवी नोंदवही आणली, कोरं पान काढलं. "नाव सांगा, आजी."

तिने माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तसं पाहिलं. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार?

"महाराजले ठाऊक हाय," ती म्हणाली.

बाबा चौकटीला टेकले. त्यांनी डोळे मिटले आणि ते नाव सावकाश, गोत्रासकट घेतलं. मी लिहिलं.

"मोठं लिवा," म्हातारी म्हणाली.