उजव्या हाताचा दांडा

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. उभा जन्म लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेला, दुसरं काय म्हणणार? गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांनीच कानशीने घासूनपुसून बेतलेलं. कुणी रस्त्यात हटकून "काय काका, बरं आहे ना?" म्हणालं, की काका आधी त्याच्या तोंडात बघत आणि मग चेहऱ्याकडे. ओळखही त्याच क्रमाने पटे.

आता ते दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत सकाळपुरतेच जात. दुपारी जेवण झालं, की खिडकीजवळच्या टेबलावर बसायचं आणि शेतीची यंत्रं बनवायची. छोटी, तळहातावर मावणारी. नांगर, पेरणीयंत्र, पाण्याचा पंप, एक मळणीयंत्र. भिंतीतलं काचेचं कपाट त्यांनी भरलं होतं आणि कपबशांची रवानगी स्वयंपाकघरातल्या फळीवर झाली होती. तयार भाग आणून जोडणं त्यांना मान्य नव्हतं. "ते म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी घालणं," असं म्हणत. त्यांच्या यंत्राचा दांडा छत्रीच्या काडीतून निघे, पत्रा औषधाच्या डब्यातून, साखळी कुठल्याशा तुटलेल्या गळ्यातल्यातून. बाकी तार, प्लास्टर आणि गुलाबी मेण दवाखान्यातलं.

"लोकांना दात बसवून हौस फिटली नाही," काकू म्हणत, "आता यंत्रांनाही बसवा."

"यंत्रं कुरकुर करत नाहीत. कुणी परत येऊन म्हणत नाही, काका, जेवताना टोचतंय."

"बोलता आलं असतं तर म्हणाली असती."

अशी त्यांची जुगलबंदी रोजची. त्यात भांडण नव्हतं. चहाबरोबर काहीतरी लागतं, तसं ते होतं.

त्या दुपारी वहिनींचा फोन आला. काकांचे थोरले भाऊ, दादा, गावाकडे राहत. काचबिंदूने त्यांची नजर आधी कडांनी झिजली आणि मग मधूनही गेली. वहिनी पुढच्या महिन्यात त्यांना इथल्या डॉक्टरांकडे दाखवायला आणणार होत्या.

"दाखवायचं म्हणून दाखवायचं हो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "नजर परत येणार नाही ते कळलंय मला. पण हे बोलतच नाहीत. हात मांडीवर ठेवून बसतात. जणू ते हात कुणी ठेवायला दिलेत, असे. परवा म्हटलं, एवढ्या शेंगा सोलून देता का? तर म्हणाले, बरं, आता मला गुंतवून ठेवायला लागलीस. आणि ताट बाजूला सारलं."

फोन ठेवून काका खिडकीजवळच्या टेबलापाशी येऊन बसले. दादाचे हात त्यांना नीट आठवत होते. आणि त्या हातांबरोबर घरचं कापणीयंत्र आठवलं. पुढे ट्रॅक्टरवर वडील. मागे ओढलं जाणारं कापणीयंत्र, त्यावर भोकाभोकांची लोखंडी बैठक आणि तिच्यावर दादा. त्यामागे पेंढ्या बांधत पायी चालणारे धाकटे, म्हणजे ते स्वतः. यंत्राच्या बगलेतून लांब पातं बाहेर आलेलं, त्याला ओळीने दात. दगड दिसला की दादा दांडा ओढून पातं वर उचलायचा. एकदाही दात तुटला नाही त्याच्या हातून. ते यंत्र कधीच मोडीत गेलं. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. यंत्राचा फोटो काढायचा असतो, हे तेव्हा कुणाला सुचणार?

"मी ते यंत्र करतो," काका म्हणाले. "दादाच्या हातात देतो. बोटांनी ओळखेल तो."

काकूंनी कप विसळता विसळता नळ बंद केला. "आणि त्यांना वाटलं, आंधळ्याला खेळणं दिलं, तर?"

काकांनाही तीच तर भीती होती. शेंगांचं ताट बाजूला सारलं; तसंच हेही सारलं, तर पुढे दादाकडे काय घेऊन जायचं?

पण बसले कामाला. आधी मागून दिसायचं तसं चित्र काढलं, पेंढ्या बांधता बांधता वर्षानुवर्षं पाहिलं होतं तसं. मग सांगाडा. नेहमीच्या दुप्पट मापाचा, म्हणजे दादाची जाड बोटं आत फिरतील. बैठक प्लास्टरची करून वर रंग दिला, कडेला थोडा गंज रंगवला, आणि मोठ्या ऐटीत काकूंपुढे धरली.

काकूंनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

"खडू आहे."

"बैठक आहे!"

"डोळे उघडले की बैठक. मिटले की खडू. तुम्हीच बघा."

काकांनी डोळे मिटले. खडूच होता. त्यांनी रंगाच्या बाटल्या उचलून खालच्या खणात टाकल्या आणि बैठक जाड पत्र्यातून परत ठोकून काढली. आता ती हाताला गार लागत होती. मूळ बैठकीची कड एकदा तडकली होती आणि गावातल्या लोहाराने तिथे ठिगळ लावलं होतं. काकांनी तिथेच वितळलेल्या कथलाचा डाख देऊन तसंच ओबडधोबड ठिगळ लावलं. पात्याचे दात करणं त्यांच्या डाव्या हातचा मळ. एकेक दात असा घासला, की काकूंच्या ओढणीत अडकून दोरा निघाला, आणि त्या दोऱ्यावरून दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. चाकाला आतून दातेरी चक्रं जोडली. यंत्र टेबलावर ढकललं, की पातं मागेपुढे सरकायचं आणि आवाज यायचा: खटखट, खटखट.

"हा आवाज मात्र डोळे मिटूनही तोच आहे," काकू म्हणाल्या. "मी ते यंत्र पाहिलेलं नाही, तरी सांगते."

दादा आणि वहिनी आले. डॉक्टरांनी तपासलं, थेंब बदलून दिले, आणि आशा लावली नाही. घरी आल्यावर दादा खुर्चीत बसले. पाठ ताठ, हात मांडीवर. काकूंनी विचारलं, "दादा, चहात साखर किती घालू?" तर म्हणाले, "घाल तुला वाटेल तेवढी." एके काळी साखरेवरून स्वयंपाकघर डोक्यावर घेणारा माणूस!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. परतीची गाडी दुपारची होती. काकांनी यंत्र आणून टेबलावर ठेवलं. रोज ठेवायचे तसं, पुढची बाजू स्वतःकडे करून. त्यामुळे बैठकीची बाजू आपोआप समोरच्या दादांकडे आली. काही सांगायचं ठरवलं होतं, ते सगळं विसरून त्यांनी नुसतं यंत्र थोडं ढकललं.

खटखट, खटखट.

दादांची मान वळली.

"काय आहे ते?"

"बघ की."

"बघ म्हणे," दादा म्हणाले, पण हात मांडीवरून उठला. बोटं टेबलाच्या कडेवरून चालत आली आणि चाकाला लागली. चाकावरून आसाला. आसावरून बैठकीला. बैठकीची भोकं त्यांनी एकेक करून चाचपली आणि कडेवर येऊन थांबले. ठिगळ. अंगठा त्यावरून दोनदा गेला.

"लोहाराचं ठिगळ," ते म्हणाले. अगदी हळू. "अरे, हे मांडीला टोचायचं. मी खाली पोतं घ्यायचो."

काकूंनी वहिनींचा हात धरला. काकांनी श्वास सोडला, आणि सोडला तोच चुकलं.

दादांनी यंत्र दोन्ही हातांनी नीट आपल्यासमोर घेतलं. स्वतः बैठकीवर असल्यासारखे खुर्चीत पुढे सरकले. उजवा हात बैठकीशेजारी गेला, दोन बोटं दांडा पकडायला वाकली आणि मिटली. मध्ये काहीच नव्हतं. त्यांनी परत उघडली, परत मिटली. मग डावा हात दुसऱ्या बाजूला गेला. दांडा तिथे होता. पातंही तिथेच होतं, डावीकडे लांब बाहेर आलेलं.

दादांनी हात मागे घेतले.

"कुणाचं आहे रे हे यंत्र?"

"आपलं, दादा."

"आपलं नाही. आपलं पातं उजवीकडे होतं. दांडा उजव्या हाताला. माझा हा खांदा अजून दुखतो, तो काय उगाच?" आणि हात परत मांडीवर जाऊन बसले. "बैठक आपली आहे. बाकी दुसऱ्या कुणाचं."

काका धावत जाऊन चित्र घेऊन आले. चित्रात पातं उजवीकडे. टेबलावर, त्यांच्या बाजूने बघितलं तर, पातं उजवीकडे. महिनाभर त्यांनी दोन्ही शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिलं होतं आणि दोन्ही जुळत होती! ते टेबलाला वळसा घालून दादांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. इथून पातं डावीकडे होतं.

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यांनी तिथेच फाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, काय झालं?" काकू घाबरल्या.

"तोंड," काका म्हणाले. "दादा, अरे, मी याला तोंड समजलो."

"काय समजलास?"

"कवळी करताना माणूस नेहमी आपल्याकडे तोंड करून असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. कागदावर उजवीकडे दिसलं, की हात आपोआप ते त्याच्या डाव्या बाजूला बसवतात. उभ्या जन्माची सवय! चित्र काढलं मागून, आणि यंत्र बसवलं समोरून. सगळंच्या सगळं उलटं बसलं. डावी दाढ उजवीकडे आणि उजवी डावीकडे."

"म्हणजे धाकट्या," दादा सावकाश म्हणाले, "मी आपल्या बापाचं कापणीयंत्र समजून हात घातला, आणि तू मला यंत्राच्या तोंडात हात घालायला लावलास?"

"तसंच म्हण."

"मग चावलं नाही ते नशीब!"

आणि दादा हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्ची हलेपर्यंत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि परत हसले. काकाही हसायला लागले. आपण एवढी मोठी चूक केली आहे, हे आठवून अधूनमधून थांबत आणि परत हसत. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात गेल्या होत्या, तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "लोकांच्या कवळ्या कशा बसवल्यात देव जाणे!"

"त्या बरोबर बसल्यात!" काका उसळले. "त्या समोरूनच बसवायच्या असतात."

"हो, हो. यंत्रालाच दातदुखी."

दादांनी यंत्र पुन्हा जवळ ओढलं. या वेळी कुणी ढकललं नव्हतं.

"हे सुटतं का?"

"सुटतं. पण पातं नुसतं उलटून चालणार नाही. दातांचा उतार एका बाजूला घासलाय. नवं करावं लागेल."

"मग कर. आधी हे सोड. माझ्या हातात दे एकेक, मी सांगतो कुठे जायचं ते. तुझ्यावर विश्वास नाही आता."

काकांनी चिमटा आणि पक्कड आणली. एकेक भाग सुटत गेला आणि दादांच्या तळहातावर येत गेला. "हे आसाच्या आतल्या अंगाला. हे खाली, जमिनीच्या बाजूला, नाहीतर दगड लागेल. ही खीळ असली नव्हती, डोक्याला चपटी होती. तू पेंढ्यांत तोंड घालून चालायचास, तुला काय दिसणार!" शब्द येत होते ते साठवून ठेवल्यासारखे. शेवटी दांडा आला. छत्रीच्या काडीचा, टोकाला गोल गोळी.

दादांनी गोळी दोन बोटांत फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"असली नव्हती मूठ."

"गोल होती की, दादा."

"विकत आणली तेव्हा होती. नंतर नाही. इथे माझा अंगठा बसायचा." त्यांनी हवेत अंगठा दाबला. "झिजून खळगा पडला होता. तुला कसं सांगू?"

काकांनी जरा विचार केला. मग खणातून गुलाबी मेणाची पट्टी काढली, गरम पाण्याच्या वाटीत बुडवली आणि मऊ झाल्यावर दादांच्या हातात दिली.

"सांगू नकोस. करून दे. मी त्याचा साचा करून तशीच मूठ ओततो."

दादांनी मेण हुंगलं. "हे लोकांच्या तोंडात घालतोस?"

"घालतो."

"मजबूत पोट आहे तुझ्या गिऱ्हाइकांचं." एवढं म्हणून त्यांनी मेण मळायला घेतलं. जाड बोटं सुरुवातीला अडखळली. मग मेणाची वळी झाली, वळीची गोळी झाली. गोळी त्यांनी काडीच्या टोकाला बसवली, काडी टेबलावर उभी धरली, आणि दगड दिसल्यासारखी खाली ओढली. अंगठा मेणात रुतला. त्यांनी तो उचलला, चाचपला, मान हलवली. मोडून परत मळलं.

"अहो," वहिनी दारातून म्हणाल्या, "गाडी दुपारची आहे. पिशवी भरायची आहे."

"भर की. मी कुठे धरलीय पिशवी?" दादांनी मान वर केली नाही. "नाहीतर उद्याची गाडी बघ. हे थंड झालं, धाकट्या. वाटी जवळ सरकव."

काकांनी वाटी सरकवली.

"उजवीकडे ठेव रे," दादा म्हणाले. "माझ्या उजवीकडे."