चॉकलेटं कशाबद्दल?

झ्लातिना काराजोवाने प्लोव्दिव शहरातल्या एका फरशांच्या कारखान्यात अकरा वर्षं एकाच टेबलामागे काढली. या काळात खुर्ची दोनदा बदलली, झ्लातिना नाही. रुजू झाली तेव्हा साहेब म्हणाले होते, "आमच्याकडे पुढे जायला भरपूर वाव आहे." वाव होता, यात शंका नाही. तो कुणी वापरत नव्हतं, इतकंच.

म्हणून चाळिशीच्या तोंडावर तिने दुसरी नोकरी शोधायला घेतली, तर सगळीकडचे साहेब वाव आहे म्हणून सांगू लागले. आणखी अकरा वर्षं अशी गेली तर आपण टेबलासकट निवृत्त होऊ, या धास्तीने तिने स्वतःपुरती एक कसोटी तयार केली. ज्याचं काही बरं झालं, त्याने चॉकलेटांचा डबा घेऊन कचेरीभर हिंडायचं, हा तिथला रिवाज. घेणाऱ्याने अभिनंदन करून विचारायचं, "कशाबद्दल?" आणि उत्तर खरंच द्यायचं, खोटं बोललं तर झालेलं चांगलं उलटतं म्हणतात. तेव्हा मुलाखतीला गेलं की साहेबांना काही विचारायचं नाही. कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचं, "अलीकडे चॉकलेटं कशाबद्दल खाल्लीत?"

पहिल्या कंपनीत उत्तर आलं, "स्तोयनाबाई निवृत्त झाल्या, त्याबद्दल." दुसरीकडे कॉफी ढवळणारा गृहस्थ उत्साहाने म्हणाला, "बढतीबद्दल! साहेबांच्या जावयाच्या."

तिसरं बोलावणं पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याचं आलं आणि झ्लातिना तत्काळ हो म्हणाली. नवरा ओग्न्यान हिवाळ्यासाठी पिंपात कोबी खारवत होता. त्याने तारीख ऐकली आणि मिठाचा हात कपाळावर मारून घेतला.

"अगं शहाणे, सव्वीस ऑक्टोबर! संत दिमितरचा दिवस! निम्मा कारखाना दिमितर असणार. ज्याला संताचं नाव, त्याचा आज डबा. त्यात तुझी कसोटी काय डोंबल चालणार?"

"आजी म्हणायची, दिमितरच्या दिवशी गडी जुना मालक सोडून नवा धरतो."

"आजीच्या वेळचा गडी बकऱ्या राखायचा. चॉकलेटांबद्दल विचारत हिंडत नव्हता."

ओग्न्यानचं म्हणणं फाटकापाशीच खरं ठरलं. पहारेकरी मित्कोने, म्हणजे दिमितरनेच, डबा पुढे केला. "नाव आहे ना माझं! घ्या, घ्या, नाही म्हणू नये." जिन्यात दोन दिमितर भेटले, दोघेही आग्रही. भांडारातल्या मित्रा नावाच्या बाईने तर कोन्याक ब्रँडी भरलेली आणली होती, आणि एका पायावर घरी जाता येत नाही असं म्हणून दुसरं हातात ठेवलं. सकाळपासून घाबरून तिने काही खाल्लं नव्हतं. मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचेतो तिच्या पोटात साखर होती, डोक्यात कोन्याक होती आणि कसोटीचा पार बोऱ्या वाजला होता.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव दिमित्रिना होतं, हे सांगायला नकोच.

"आधी तोंड गोड करा," त्या म्हणाल्या. "हं. आता सांगा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"दंतवैद्याकडे," झ्लातिना म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला ते ऐकू आलं. दिमित्रिनाबाई टेबलावर हात आपटून इतक्या हसल्या की चष्मा डब्यात पडला. झ्लातिनालाही हसू आवरेना. अशा अवस्थेत दार उघडलं आणि एक उंच, तेलकट बाह्यांची बाई आत आली. तिच्या हातात, अर्थातच, डबा होता.

"तुमचंही नाव दिमित्रिना?" डोळे पुसत झ्लातिनाने विचारलं.

"छे हो, मी वीख्रा. माझ्या नावाचा संत अजून व्हायचाय."

झ्लातिनाचं हसू थांबलं. हात डब्यावर तसाच राहिला. "अभिनंदन," ती हळूच म्हणाली. "कशाबद्दल?"

"बढती मिळाली. मालाच्या पाठवणीवरून मी आता सगळ्या उत्पादनाचं नियोजन बघायला गेले. आले तेव्हा खोकी बांधत होते, बरं का." वीख्राने दिमित्रिनाबाईंकडे पाहिलं. "काय गं, माझ्या खुर्चीसाठी माणूस मिळालं का? आज विचारत होतीस ना कुणाला तरी?"

"हिलाच विचारतेय. पण ही दंतवैद्याकडे जायचं म्हणतेय."

झ्लातिनाने ते चॉकलेट तोंडात टाकलं. दिवसभरातलं सातवं होतं, आणि आता फक्त गोड लागलं. मुलाखतीच्या शेवटी काही विचारायचंय का, असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही. जे विचारायचं होतं ते मघाशी खाल्लं."

आठवडाभराने होकार आला. दुसऱ्या दिवशी झ्लातिना मोठा डबा घेऊन फरशांच्या कारखान्यात शिरली. शेजारच्या टेबलावरच्या पेन्काताईंनी आधी भिंतीवरच्या तारखेकडे पाहिलं, मग डब्याकडे. वाढदिवस जूनमध्ये. नावाचा दिवसही नाही. नवी गाडी घेण्याची ओग्न्यानची ऐपत नाही. त्यांनी गंभीर चेहऱ्याने एक चॉकलेट उचललं आणि मेलेल्याच्या नावाने वाटलेलं खाताना म्हणतात तसं पुटपुटल्या, "देव त्याला क्षमा करो. कोण गेलं गं?"

"मी," झ्लातिना म्हणाली. "पंपांच्या कारखान्यात. घ्या ताई, अजून एक घ्या!"