बाहेरच्यांसमोरची मराठी

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत एक सवय आहे. बाहेरचं कोणी बसलेलं असलं आणि घरातलं काही झाकायचं असलं, की आम्ही हिंदी सोडून मराठीत बोलतो. साखर संपली आहे, पाहुणा उठत नाही, हे सगळं हसतमुखाने, त्याच्या तोंडावर. लग्न होऊन मी शहराच्या लष्कर भागात आले तेव्हा सासूने आधी हेच शिकवलं. मला त्यात कधी काही गैर वाटलं नाही.

माझी सून हिंदी घरातली, किला गेटची. मुलानेच पसंत केलेली. आरती म्हणता यावी म्हणून मी तिला मराठी शिकवली. शिव्या मी शिकवल्या नव्हत्या, त्या तिला माझ्या मुलाकडून कळल्या.

तो मारतो हे मला ठाऊक होतं. दोन खोल्यांत भिंत एकच आहे. सकाळी तिचा हात सुजलेला दिसला की मी लाटणं आपल्याकडे घेई आणि त्यालाच मदत समजे.

गेल्या हिवाळ्यात त्याने तिचा डावा हात मोडला. प्लास्टर घालून आली आणि मला न विचारता तिने तक्रार केली. मग सरकारकडून संरक्षण अधिकारी म्हणून एक बाई घरी आल्या. साध्या होत्या, शाल पांघरलेल्या. त्यांनी हिंदीत समजावलं की घर माझ्या नावावर असलं तरी सून इथे राहते, तिला असं काढून देता येत नाही. उलट मारणाऱ्यालाच कोर्ट बाहेर राहायला सांगू शकतं. त्या जे पाहतील-ऐकतील ते कोर्टाला कळवणार होत्या.

मुलाला तिला घालवायचं होतं. तिचे आईवडील वारलेले, भाऊ दार उघडणारा नव्हता. इथून निघाली तर तिला कुठेच थारा नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मुलाने बाईंना खुर्ची दिली, स्वतः चहा आणला. जिन्यावरून घसरली म्हणाला. बाईंनी सुनेला विचारलं. ती बोलणार तेवढ्यात त्याने तिच्यापुढे कप धरला आणि हळूच, गोड आवाजात, मराठीत म्हणाला, "तोंड उघडलंस तर रात्री दुसराही हात मोडीन."

बाईंनी विचारलं, काय म्हणालात. तो म्हणाला, शक्कर पूछ रहा था.

साखरेचं बोलायचा आमचा जो आवाज, तोच होता तो. आणि त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढी त्याला माझी खात्री होती. मला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नाही. सून मान खाली घालून बसलेली.

बाई माझ्याकडे वळल्या. "माताजी, यही कहा इन्होंने?"

मी म्हणाले, "नहीं. कह रहा है, मुँह खोला तो रात को दूसरा हाथ भी तोड़ दूँगा."

मुलाचा चेहरा उतरला. बाहेरच्यांसमोर जसं बोलायचं तसंच, मराठीत मला म्हणाला, "आई, तू घरची आहेस ना?"

"हिंदी में बोल," मी म्हणाले. "मैडम को भी सुनने दे."

बाईंनी मी सांगितलेलं लिहून घेतलं.

कोर्टाने त्याला घराबाहेर राहायला सांगितलं. आता दाल बाजारच्या मागे खोली घेऊन राहतो. नात्यातल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. एकीने तोंडावर विचारलं, पोटच्या पोराला घालवून सून सांभाळतेस काय. मी हो म्हणाले. त्या अधिकारी बाईंनी विचारलं म्हणून माझं तोंड उघडलं, नाहीतर भिंतीपलीकडचं मी आजही ऐकत बसले असते, हे तिला सांगितलं नाही.

सून घरातच आहे. हात बरा झाला, पोळ्या तीच लाटते. संध्याकाळी आरती मराठीत म्हणते. बाकी माझ्याशी सगळं हिंदीत बोलते. मी तिला टोकत नाही.