लोकरीची गाठ

काल घोंगडी उन्हात टाकली आणि तिला तो जुना मेंढरांचा वास आला. त्या वासासरशी मी इथल्याच, वाटूरमधल्या माहेरच्या ओसरीवर मनाने जाऊन बसले.

निजामाचं राज्य होतं. दादा हैदराबादेत कॉलेजात होता, सुट्टीत आला की मला काहीबाही शिकवायचा. "सोने, एका पेशीच्या दोन कशा होतात, दाखवतो," म्हणाला. आबांनी कातलेल्या काळ्या लोकरीचे दोन सारखे धागे त्याने शेजारी-शेजारी ठेवले आणि मला ते कमरेत एकत्र बांधायला लावले.

"हे गुणसूत्र. ही गाठ म्हंजी गुणसूत्रबिंदू. वेळ आली की गाठ सुटती, अन् एक धागा इकडं, एक तिकडं. वढायचं कमरंतूनच. शेपट्या मागून येत्यात."

मी कोकरू बांधतात तशी गाठ मारली होती. आम्ही दोघांनी ओढलं, पण ती काही सुटली नाही. दोन्ही धागे दादाच्या हातात गेले. माझी मूठ रिकामी. मला हसू आलं.

"कधी असंबी होतं," तो म्हणाला. "दोन्ही एकाच पेशीच्या घरात जात्यात."

"मंग दुसऱ्या घराचं?"

"ते बहुतेक टिकत न्हाई."

पुढे मला गावातच दिलं. दादाला हैदराबादेत नोकरी लागली, आणि तो आई-आबांना, दोघांनाही, तिकडेच घेऊन गेला. आता तिघंही नाहीत. माझ्या घरातही मी एकटीच.

काल संध्याकाळी घोंगडीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. एक टोक हनुवटीखाली दाबून मी घडी घातली आणि म्हटलं, "टिकलं रे, दादा."