सगळं गाव खाली बसलं तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. हिरामावशीला तर नाहीच — तिला सांगायची गरज नव्हती, ती समोरच बसली होती. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी राजारामपुरीत राहते. दुभाषाचं काम करते, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी. कारखान्यात परदेशी मशीन बसवायला माणसं आली की मला बोलावतात. तोंडानं फटकळ आहे मी, पहिल्यापासून. माझं तोंड चालतं म्हणून घर चालतं, असं नवरा चिडवतो. तेच तोंड एका दुपारी चाललं नाही — नाही, तसंही नाही. चाललं. चाललं म्हणून तर हे लिहितेय.

सहा वर्षं झाली. जिल्ह्याच्या पश्चिमेला, एका धरणाच्या काठाला लहान अणुभट्टी यायची होती. गावाचं नाव लिहीत नाही. सरकारला ती हवी होती. पण नुसतं सरकारनं म्हणून भागत नव्हतं. पैसा आणि मान्यता एका परदेशी संस्थेची. पंचवीस-तीस देश तिचे सभासद. अणुऊर्जेचं कुठं काय उभं राहावं, आधी काय तपासावं, कुणाला विचारावं, याचे नियम ती करते आणि मग देशोदेशींची सरकारं त्या नियमांत आपापलं धोरण बसवतात. आपण इथं मिसळ खात बसलेलो असतो, आणि आपल्या धरणाचं काय करायचं ते कुठल्या तरी थंड गावात ठरत असतं. पण त्यांचा एक नियम फार चांगला होता. गावाला विचारायचं. गावाची हरकत आहे असं नोंदलं गेलं, तर काम थांबवून दुसरी जागा तपासायचीच. आणि गाव काय म्हणालं, हे लिहून खाली सही करायची दुभाषानं. म्हणजे मी.

संस्थेकडून मार्ता नावाच्या बाई आल्या होत्या. उंच, शांत, बारीकसारीक लिहून घेणाऱ्या. जीपमधून जाताना त्यांनी मला दोनदा विचारलं, लोक मोकळेपणानं बोलतील ना? मी हसले. त्या गावात माझी हिरामावशी दिलेली. तिची हाक तीन गल्ल्या पलीकडं ऐकू जाते. म्हटलं, बोलतील? तुम्हाला कानात बोळे घालावे लागतील!

गावच्या सभागृहात मांडववाल्याच्या लाल खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. दुपारचे दोन. माणसं आली. एकामागं एक, काही न बोलता. त्यांनी खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या आणि सगळे खाली फरशीवर बसले. बाया एका बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन. मावशी पहिल्या ओळीत. मी हात केला. तिनं माझ्याकडं बघितलं — बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

मार्ताबाई बोलल्या, मी मराठीत सांगितलं. मग विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? नियम असा की तीनदा विचारायचं आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबायचं. कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. वरचा पंखा करकरत होता, तेवढाच आवाज. दोन-अडीचशे माणूस, मांडीवर तान्ही पोरं, आणि एकही पोर रडेना. दारातून एक कुत्रं आत आलं, मध्ये उभं राहिलं, आणि आल्या पावली मागं फिरलं. किटलीतून चहा फिरवला, कुणी कप हातात घेतला नाही. पुढ्यात ठेवलेल्या कपांवर साय धरली. तिसऱ्यांदा विचारताना माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना. मग कुणी खूण केल्याशिवाय सगळे एकदम उठले आणि निघाले. 'येतो' असं कुणी म्हणालं नाही.

तुम्हाला कळलंच असेल. मलाही पंखा ऐकता ऐकताच कळलं होतं.

आमच्याकडं कुणाच्या घरी माणूस गेलं की भेटायला जातात. खुर्ची दिली तरी खाली बसायचं. बोलायचं नाही. चहा-पाणी घ्यायचं नाही. आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही, घरच्यांनीही 'या' म्हणायचं नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ते गाव सभेला आलंच नव्हतं. ते मयताला आलं होतं — स्वतःच्याच. याहून मोठ्यानं हरकत कशी घ्यायची असते?

मार्ताबाई घाबरल्या होत्या. खरंच सांगते, त्या बाईला काहीतरी जाणवलं होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, हे काय होतं? याचा अर्थ काय?

मी म्हणाले, "काही नाही. इथली माणसं बुजरी आहेत. गप्प बसली म्हणजे कबूल आहे."

असं म्हणाले मी. इतक्या सहज. कागदावरही तेच लिहिलं — हरकत नाही — आणि सही केली. का? संस्थेच्या दुभाषांच्या कायमच्या यादीत मला नाव हवं होतं. विमानानं जायचं होतं, गळ्यात ओळखपत्र घालून फिरायचं होतं. खोडा घालणाऱ्या दुभाषाला पुन्हा कोण बोलावतं? एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही.

नाव लागलं यादीत. पुढच्या वर्षी संस्थेनं नव्या देशांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात आमची सभा आदर्श म्हणून छापली. लोक शांत राहिले तर ती संमती धरता येईल, असं एक कलमच आलं. माझ्या एका वाक्याचं कलम झालं! मग दुसऱ्या कुठल्या देशातल्या अधिकाऱ्यांना शिकवताना मला त्या दुपारची चित्रफीत लावावी लागली. परक्या गावातला गार हॉल, आणि पडद्यावर आमची माणसं फरशीवर बसलेली. सभेच्या नोंदीसाठी लावलेला कॅमेरा तेव्हा माझ्या शेजारी होता. त्यामुळं मावशी थेट बघते — मी हॉलमध्ये कुठंही उभी राहिले तरी माझ्याकडंच. अधिकारी मान डोलावून लिहून घेत होते. त्यांच्याही देशात धरणं असतील, गावं असतील. तिथं माणसं गप्प कशासाठी बसतात, मला काय माहीत?

गेल्या महिन्यात ते गाव उठलं. माणसं दुसरीकडं नेऊन घातली. त्याच आठवड्यात, भर दुपारी, माझ्या दाराची बेल वाजली.

मावशी होती. मागं अकरा माणसं. मी म्हटलं, "आलीस व्हय मावशी? बस की." सोफा रिकामा होता. ते सगळे खाली बसले. मी वेड्यासारखा चहा ठेवला, बारा कप आणून पुढ्यात मांडले. आमच्याकडच्या घड्याळाची टिकटिक एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं. कुणी रागानं बघितलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, मावशीच्या शिव्या मी लहानपणापासून खाल्ल्यात. ती नुसती बसली होती, पदर डोक्यावर घेऊन. अर्ध्या तासानं सगळे एकदम उठले. दारात मी म्हणाले, "मावशी, बोल की काहीतरी." तिनं चप्पल घातली. 'येते' म्हणाली नाही. माझ्याही तोंडून 'ये' आलं नाही.

शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. जाणाऱ्या माणसांकडं बघून त्यांनी पदर सावरला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं हो तुमच्यातलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं. मी आत आले आणि बारा कप मोरीत ओतले.