चौदा नंबरचं मशीन

"मावशी, उठा बरं तिथून. ती जागा शिकायला आलेल्यांची आहे."

चाळीस-पन्नास पोरापोरींनी एकदम वळून बघितलं. मी चौदा नंबरच्या मशीनसमोर बसले होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर माझं नाव छापलेलं. नावाखाली 'सहभागी'. विभागप्रमुख सरांनी ते कार्ड बघितलं. वाचलं. आणि पुन्हा म्हणाले, "उठा. खोळंबा होतोय."

मी उठले.

हे आधीच सांगून टाकते. मी भांडले नाही, बोलले नाही. उठले. वर खुर्ची नीट आत सरकवली, कारण हाताला तीच सवय.

"आलाच आहात तर चहाचे कप तेवढे गोळा करा," सर म्हणाले.

"सर, आज माझी रजा हाय."

"असू द्या की. घरचंच कार्य आहे."

घरचं कार्य. मी लुगड्याचा पदर खोचला आणि कप गोळा केले. वाकताना गळ्यातलं कार्ड एका अर्धवट कपात बुडालं. नावावर चहा पसरला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुणाला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

मी परभणीच्या त्या कॉलेजात सहा वर्षं होते. ठेकेदाराकडून लागलेली, कॉम्प्युटर लॅबची अटेंडंट. सकाळी पेडगावहून यायचं, कुलूप काढायचं, मशीनवरची धूळ पुसायची, पंखे लावायचे, तास संपला की फळा पुसायचा. माझं वय चौतीस. सरांचं पन्नासच्या पुढं. तरी मी त्यांची मावशी. नवरा पुण्याकडं कामाला गेला आणि तिकडचाच झाला. घरी मी, आई आणि सातवीतली पोरगी.

प्रोग्रामिंग मी फळ्यावरून शिकले. सर लिहून जायचे, पोरं निघून जायची, आणि पुसायच्या आधी मी ते सगळं उतरवून घ्यायची. अक्षरं इंग्रजी. अर्थ लागायचा नाही. मंग लॅबच्या कचऱ्यात टाकलेले छापील कागद जोडून बघायची. कुणी नसलं की एखादं मशीन चालू करून दोन ओळी टाकायची. पहिल्यांदा पडद्यावर माझं नाव दहा वेळा उमटलं, त्या दिवशी मी फळा पुसायचं विसरले आणि बोलणी खाल्ली. बारावी झाली होती माझी, बी.ए.चं एक वर्ष झालं होतं. पुढचं राहून गेलं. ते परत हाताशी आलंय असं त्या दहा ओळींनी वाटलं.

मंग कॉलेजात संगणकप्रेमींचं संमेलन ठरलं. दोन दिवस. गावोगावचे हौशी लोक येणार, यंत्रं मांडणार, आणि रोज सकाळी नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग. भिंतीवर पत्रक मीच चिकटवलं. त्यात लिहिलं होतं: वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही, कुणीही यावं. मी ते दोनदा वाचलं. 'कुणीही' मध्ये मी येते का, हे कुणाला विचारलं नाही. मोबाइलवर नाव भरलं, दोन दिवसांची रजा टाकली. रजा मंजूर झाली. सहभागी म्हणून कार्ड आलं.

आणि आता कप गोळा करून मी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी होते. दोन तास. वर्ग शिकवायला पुण्याचा एक तरुण आला होता. तो बोलत होता ते मला समजत होतं, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. चौदा नंबरवर कुणी बसलंच नाही. ते मशीन तसंच चालू होतं.

सुटीत व्हरांड्यात सर दुसऱ्या एका सरांना म्हणाले, "यांच्यातल्यांना हल्ली सगळंच पाहिजे. आधी राखीव जागा, मग नोकरी, आता हे." मी तीन पावलांवर होते. आवाज कमी करायची त्यांना गरज वाटली नाही. आमचं आडनाव ऐकलं की परभणीत कुणालाही कळतं, आमी बौद्ध, आमची वस्ती कुठली. सहा वर्षं त्याच आडनावानं मी हजेरीत रोज सही करत होते.

संध्याकाळी घरी आले ते चुलीपाशी बसले. आईनं विचारलं, "काय रडायलीस?"

सांगितलं. आई पीठ मळत होती. तिचा हात थांबला नाही.

"उद्या जाऊ नको," ती म्हणाली. "हाय ती भाकर जाईल."

"आई, मी उठले गं. माझं नाव व्हतं तिथं, तरी उठले."

तिनं पिठाला पाण्याचा हात लावला. मंग म्हणाली, "म्या बी उठले व्हते. दुसरीत. मास्तरनं दारात बसाय सांगितलं, मी दारात बसले. मंग पाऊस आला तर घरी आले. पुन्हा गेलेच न्हाई. कुणी बोलवाय बी आलं न्हाई."

हे तिनं मला चौतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, गरिबीमुळं तिची शाळा सुटली. पोरगी तिथंच अभ्यास करत बसली होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा वहीत मान घातली. मला त्या मानेची भीती वाटली. तीन पिढ्या मी एका घरात बघितल्या आणि तिघींची मान एकसारखी वाकलेली.

सकाळी मी गेले. आई म्हणाली, "भांडू नको." मी हो म्हणाले. भांडायचं मनात नव्हतंच. मनात काहीच नव्हतं.

त्याच चौदा नंबरच्या मशीनवर बसले. शेजारी शबाना होती, परभणीचीच, दुसऱ्या वर्षाला शिकणारी. तिनं पर्स उचलून मला जागा करून दिली. विभागप्रमुख सर अजून आले नव्हते. पुण्याच्या तरुणानं एक उदाहरण घातलं. येलदरी धरणाच्या पाण्याची आठ दिवसांची पातळी दिली आणि विचारलं, कोणत्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त चढलं, ते मशीनकडून काढून घ्या. एकेकानं पुढं यायचं, मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर लिहायचं.

तीन पोरं गेली. तिघांचं चुकलं. पडद्यावर लाल ओळी आल्या. एव्हाना सर येऊन मागं उभे राहिले होते. ते प्रत्येकाला म्हणाले, "छान. घाबरू नका. वाचा ते काय म्हणतंय." पोरं वाचायची, दुरुस्त करायची. टाळ्या पडायच्या.

"अजून कोण?" तरुणानं विचारलं.

माझा हात वर गेला.

मी पुढं जाऊन बसले. माझी ओळ पडद्यावर माझ्यापेक्षा मोठी दिसत होती. सहा ओळी लिहिल्या. चालवलं. लाल.

हसू फुटलं. या वेळेस फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, झाडू आणू का?"

सर पुढं आले. "बघा, हे असं होतं," ते सगळ्यांना म्हणाले. "कुणालाही आणून बसवलं की असं होतं. इथं डोकं लागतं, सवलत चालत नाही. उठा मावशी."

पुण्याचा तरुण वायरीशी काहीतरी करत होता. तो वाईट माणूस नसंल. पण त्यानं मान वर केली नाही.

मी पडद्याकडं बघितलं. काय चुकलंय ते मला दिसत नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं. पण दुसरंच काहीतरी दिसलं. त्या तिघांचं चुकलं तेव्हा ओळ चुकली होती. माझी ओळ चुकली, तर माझी जात चुकली, माझा बाप चुकला, आईचं दारात बसणं बरोबर ठरलं. माझं बरोबर येईल असं तिथं कुणी धरलंच नव्हतं. आणि चुकायला तर जागाच नव्हती.

"सर, त्या तिघांचं बी चुकलं," मी म्हणाले. "त्यांना तुमी वाचू दिलं. मला बी वाचू द्या."

"उठा म्हणतोय मी."

"न्हाई उठत."

सरांनी पडद्यावर चित्र टाकणाऱ्या यंत्राचं बटण बंद केलं. भिंत पांढरी झाली. त्यांना वाटलं, संपलं. पण माझ्यासमोरचं मशीन चालूच होतं. मी डोळे पुसले आणि लाल ओळ वाचली. एका ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती. दिली. पुन्हा लाल. खालची ओळ आत सरकवायची राहिली होती. सरकवली.

मागून शबाना उठून आली. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "आपा, उठो नक्को. मैं हूं इधर."

तिसऱ्यांदा चालवलं. लाल आलं नाही. उत्तर आलं. पण चूक आलं. मशीन पहिल्याच दिवसाचं नाव सांगत होतं. मी पुन्हा वरपासून वाचायला लागले. सरांनी वर्ग संपल्याचं जाहीर केलं, सगळ्यांना बाहेर काढलं, वीज बंद करायला लावली. माझं गणित सुटलं नाही. मी जिंकले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वीज गेल्यावर मी उठले, सरांनी सांगितल्यावर नाही, एवढंच.

सोमवारी ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला. माफीनामा. टाइप केलेला. 'माझ्याकडून झालेल्या गैरवर्तनाबद्दल मी दिलगीर असून यापुढे माझ्या कामाव्यतिरिक्त कोणत्याही कार्यक्रमात भाग घेणार नाही.' खाली सहीसाठी रेघ.

"सही करा ताई आणि विषय संपवा," तो म्हणाला. "न्हाईतर उद्यापास्नं येऊ नका."

मी कागद परत दिला. कोऱ्या कागदावर त्या दोन दिवसांत जे झालं ते लिहिलं. कोण काय बोललं, शब्दाला शब्द. खाली चौकशीची मागणी केली. कॉलेजच्या कार्यालयात तो अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शबानानं साक्षीदार म्हणून सही केली. तिचे वडील तिला लय बोलले, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं काम गेलं.

आता कापूस वेचायला जाते. बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडल्यात. मोबाइलची काच दाबताना त्या दुखतात. तरी दुपारच्या सुटीत बांधावर बसून ओळी लिहिते. येलदरीचं गणित एकदा सुटलं. सांगायला कुणी नव्हतं. बाकीच्या बाया भाकरी खात होत्या. घरी काही बरं नाही. आई बोलत नाही. पोरगी बोलते, पण तिच्या शाळेच्या गोष्टी माझ्यापासून लपवायला लागलीय.

परवा ठेकेदाराचा माणूस वस्तीवर आला. म्हणाला, गंगाखेडला एका वसतिगृहात स्वयंपाकघरात काम आहे, लगेच लावतो. अर्ज तेवढा मागं घ्या.

"अर्ज मागं घेणार न्हाई," मी म्हणाले.

"मंग खाणार काय?"

आई दारात उभी होती. पोरगी आत होती. एखाद्या दिवशी चूल पेटली न्हाई तर मी ढासळेन का, हे मला सांगता येणार न्हाई. पण अर्ज मागं घेणार न्हाई. चौकशी करत नाहीत, तर तसं लिहून द्या म्हणणार. उद्या कामावर खाडा करून कॉलेजात जाणार आणि विचारणार, काय झालं त्याचं. हाकललं तर परवा जाणार.